पाहुणीसाठी एवढंही ठेवा

घरी पाहुणी येणार म्हटलं की आपण धुतलेली चादर, नवा साबण, जानमाज काढून ठेवतो. मुक्कामात तिची पाळी आली तर? घरात पुरुष मंडळी असली की ती संकोचाने मागतही नाही. म्हणून न्हाणीघरात हाताशी झाकणाचा डबा ठेवा: पॅड, कागद आणि शेजारी कचऱ्याची बादली. पॅड चार-सहा तासांनी बदलावं लागतं, तेव्हा एक-दोन पुरत नाहीत. जनऔषधी केंद्रात ‘सुविधा’ पॅड २०१९ पासून एक रुपयाला मिळतं. आल्या आल्या घरातल्या बाईने सांगावं, “डबा तिथे आहे, विचारायची गरज नाही.” रमजानमध्ये पाळीत रोजा माफ असतो, नंतर तो पुरा करतात, तेव्हा कारण न विचारता तिच्या खोलीत पाणी आणि खाणं ठेवावं. पाहुणीचा संकोच राखणं हीही मेहमाननवाजीच.