बंद पडलेली वॉटर स्कूटर : आधी तपास, मग पाना

आपल्या चंदीगडच्या सुखना तलावावर वल्ह्यांचा आवाज ऐकू येतो, इंजिनाचा सहसा नाही. 1958 साली सुखना चो या ओढ्याला बांध घालून हा तलाव तयार झाला. त्यात मोटारबोटी येऊ नयेत, असा शहराचे रचनाकार ल कॉर्बुझिए यांचा आग्रह होता. आमच्या कोकणात मात्र मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर वॉटर स्कूटरचा आवाज दिवसभर चालू असतो. पावसाळ्यात या स्कूटर किनाऱ्यावर झाकून ठेवतात आणि पाऊस सरला की त्यातल्या जुन्या हमखास रुसतात. त्यांचा दोष कसा शोधायचा, ते या लेखात पाहू.

हा दोष किनाऱ्यावरच सापडायला हवा. वॉटर स्कूटर खालून पाणी ओढते आणि मागच्या तोटीतून जोरात फेकते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे ती पुढे जाते. हँडल फिरवले की तोटी वळते, म्हणून स्कूटर वळते. जुन्या स्कूटरला ना ब्रेक असतो, ना वेगळे सुकाणू. भर समुद्रात इंजिन बंद पडले, तर हँडल कितीही फिरवा, ती लाटा नेतील तिकडे जाते.

रायफल अडली की आपण तिच्याशी झटापट करत नाही, ठरलेल्या क्रमाने तपासतो. इथेही तसेच करावे. पहिले काम म्हणजे सीट काढून पोटातली हवा मोकळी करणे. आत साठलेल्या पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते.

मग बिनखर्चाच्या गोष्टी बघाव्यात. चालकाच्या मनगटाला बांधायची सुरक्षा दोरी जागेवर बसली आहे का? ती निघालेली असेल तर इंजिन सुरूच होत नाही. पेट्रोलचा कॉक उघडा आहे का? बटण दाबल्यावर नुसता ‘टक’ आवाज आला, तर बॅटरी उतरलेली असते किंवा तिच्या टोकांवर खाऱ्या हवेने गंज चढलेला असतो.

इंजिन फिरते पण सुरू होत नाही, तेव्हा प्रश्न तीनच उरतात : इंधन, ठिणगी आणि दाब. उत्तराची सुरुवात स्पार्क प्लगपासून होते. पुष्कळदा बटण दाबूनही प्लग कोरडाच निघाला, तर पेट्रोल पोहोचत नाही. प्लग ओला निघाला, तर पेट्रोल येते पण पेटत नाही. अशा वेळी प्लग खराब असतो, ठिणगी पडत नसते किंवा पेट्रोल प्रमाणाबाहेर जात असते. प्लगवर पाण्याचे थेंब दिसले, तर सिलिंडरमध्ये पाणी शिरले आहे. मग बटण दाबत राहू नये. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे आतला दांडा वाकू शकतो. सगळे प्लग काढून पाणी आधी बाहेर टाकावे लागते.

पावसाळ्यानंतरचा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे जुने पेट्रोल. आता आपल्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा शोषते. पाणी जास्त झाले की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतात आणि इंजिन नेमके तेच ओढते. जुन्या रबरी नळ्याही इथेनॉलने खराब होतात व त्यांचा चिकट गाळ कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत अडकतो. म्हणून टाकी रिकामी करून ताजे पेट्रोल भरणे हा पहिला उपाय. जुनी इंजिने बहुधा दोन-स्ट्रोक असतात. त्यांना पेट्रोलबरोबर तेलही लागते. अनेकांत प्रमाण 50 ला 1, म्हणजे लिटरला 20 मिलिलिटर असते, पण आपल्या यंत्राची पुस्तिका पाहूनच ते ठरवावे. तेल पोहोचले नाही तर पिस्टन जाम होतो.

इंधन आणि ठिणगी दोन्ही ठीक असतील, तर मापकाने दाब मोजावा. दोन सिलिंडरांत साधारण 10 टक्क्यांहून जास्त फरक असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याचा संशय घ्यावा. हे काम मेकॅनिककडेच द्यावे. ठिणगीची चाचणीही त्याच्या देखरेखीखालीच करावी.

कधी इंजिन जोरात ओरडते, पण स्कूटर पळत नाही. तेव्हा इंजिन उघडू नये. खालच्या जाळीत शेवाळ, दोरी किंवा प्लॅस्टिकची पिशवी अडकली आहे का, ते इंजिन बंद करून, सुरक्षा दोरी काढून पाहावे. तिथे काही नसेल, तर पाणी फेकणारा पंखा झिजलेला असू शकतो.

काम झाल्यावर इंजिन गोड्या पाण्याने धुताना क्रम चुकवू नये : आधी इंजिन सुरू, मग नळ, शेवटी आधी नळ बंद, मग इंजिन. इंजिन बंद असताना नळ चालू राहिला, तर सायलेन्सरमधून पाणी उलटे सिलिंडरमध्ये चढू शकते.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि वहीत लिहावी. तीन भाग एकदम बदलले, तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही. आणि पहिली चाचणी दोरी बांधून, लाइफ जॅकेट घालून, कमरेइतक्या पाण्यात घ्यावी. त्याहून उथळ पाण्यात पंप वाळू ओढतो, आणि नव्याने दुरुस्ती काढावी लागते.