सर्वोच्च न्यायालयाची इमारत आणि गणेश देवळालीकर

सर्वोच्च न्यायालयाची बातमी लागली की टीव्हीवर तो मोठा घुमट आणि खांबांची रांग दिसते. ही इमारत एका मराठी माणसाने उभी केली, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मलाही निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला तेव्हाच कळले.

त्यांचे नाव गणेश भिकाजी देवळालीकर. नवी दिल्ली वसवली ल्युटेन्स आणि बेकर या इंग्रज वास्तुविशारदांनी. अशा शहरात केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाचे (सीपीडब्ल्यूडी) प्रमुख होणारे देवळालीकर हे पहिले भारतीय.

सर्वोच्च न्यायालय सुरू झाले २८ जानेवारी १९५० रोजी, पण स्वतःची इमारत नव्हती. संसद भवनातील नरेंद्र मंडळाच्या सभागृहात कामकाज चाले. पुढे सुमारे १७ एकरांची त्रिकोणी जागा मिळाली. २९ ऑक्टोबर १९५४ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी कोनशिला बसवली आणि १९५८ च्या ऑगस्टमध्ये न्यायालय नव्या इमारतीत आले.

देवळालीकरांनी या इमारतीला तराजूचा आकार दिला. आपल्या बालाघाट जिल्ह्यात धान मोजताना काटा सर्वांनी पाहिला आहे. आता इलेक्ट्रॉनिक काटे आले, पण जुन्या काट्यात मधली दांडी आणि दोन बाजूंना दोन पारडी असत. इथे मधला भाग म्हणजे दांडी. तिच्या बरोबर मध्यभागी सरन्यायाधीशांचे दालन आणि वर सुमारे २७.६ मीटर उंचीचा घुमट. दोन्ही टोकांचे भाग ही पारडी. उजवीकडे वकिलांची खोली, महान्यायवादींची कार्यालये व ग्रंथालय, तर डावीकडे न्यायालयाची कार्यालये. पुढे १९७९ आणि १९९४ मध्ये कामाच्या वाढत्या व्यापामुळे इमारत वाढवली गेली.

शैली भारतीय-ब्रिटिश धाटणीची आहे. कोणी म्हणेल, स्वतंत्र देशाने साहेबाचे खांब कशाला ठेवले? मला वाटते, जुन्या दिल्लीशी आणि नव्या दिल्लीशीही नाते राखून त्यांनी अर्थ मात्र आपला भरला. काट्याची खूण समजायला शिक्षण लागत नाही. बाजारात धान विकणाऱ्यालाही ती कळते.

देवळालीकरांनंतर त्या पदावर आले श्रीधर कृष्ण जोगळेकर, म्हणजे पुन्हा मराठी माणूस. ल्युटेन्सचे नाव आजही दिल्लीत सगळ्यांच्या तोंडी आहे, देवळालीकरांचे नाही. सरकारी नोकरीत असेच होते. आम्ही बँकेत आयुष्यभर सह्या केल्या, काम खात्याच्या नावावर जमा झाले. त्याबद्दल तक्रार नाही. पण महाराष्ट्राबाहेर राहून मराठी माणसाने काय केले, हे आपल्या मुलांना आपणच सांगायला हवे. पुढच्या वेळी टीव्हीवर तो घुमट दिसला, तर नातवंडांना एवढे जरूर सांगा.