वाळवंटात पळणारी फोर बाय फोर गिरडच्या पांदणीत का फसते?

राजस्थानातल्या समच्या वाळूत उड्या मारणाऱ्या गाड्यांचे रील तुम्ही पाहिलेच असतील. तीच गाडी जुलै महिन्यात वर्धा जिल्ह्यात, गिरडच्या आसपासच्या एखाद्या कच्च्या पांदणीत घातली, तर थोड्याच अंतरावर चारही चाकं जागच्या जागी फिरू लागतात. मग बाहेर काढायला ट्रॅक्टर शोधायचा.

बरं, इथे ना उंच चढ, ना वाळूच्या टेकड्या. मग अडतं कुठे? मातीत.

वाळूचे कण एकमेकांना चिकटत नाहीत. त्यामुळे तिथे एकच खटपट असते, गाडीचं वजन जास्त जागेवर पसरवायची. म्हणून ड्रायव्हर टायरमधली हवा 30-32 पीएसआयवरून 15-18 पर्यंत उतरवतात. टायर चपटं होतं, जमिनीला जास्त टेकतं आणि गाडी वाळूवर तरंगल्यासारखी जाते. वाट सोपी की अवघड, हे बरंचसं चढावर आणि वाळू किती भुसभुशीत आहे त्यावर ठरतं.

काळ्या मातीचं गणित वेगळंच. ही माती बेसाल्ट खडक झिजून तयार झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. म्हणून मे महिन्यात शेताला भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच जमीन लोण्यासारखी होते. हा चिखल टायरच्या खाचांमध्ये गच्च बसतो. खाचा भरल्या की नवंकोरं टायरही गोट्यासारखं गुळगुळीत. हवा कमी करून इथे थोडाफारच फायदा होतो.

या बेसाल्टची एक गंमत गिरडच्या टेकडीवर दिसते. शेख फरीद बाबांच्या दर्ग्याच्या या टेकडीवर फळांसारखे गोल दगड सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, अशी आख्यायिका आहे. भूगर्भशास्त्रात त्यांना झिओलाइट म्हणतात, बेसाल्टच्या पोकळ्यांमध्ये तयार होणारं खनिज. उतारावर याच खडकाचा मुरूम होतो आणि सखल भागात काळी माती. मुरमातून पाणी लवकर निघून जातं, काळ्या मातीत ते अडकून राहतं. त्यामुळे एकाच वाटेवर अर्धा किलोमीटर आरामात आणि पुढचे पन्नास मीटर अशक्य, असं होतं. वाळवंटातल्या वाटेला सोपी, मध्यम, अवघड असा दर्जा देता येतो. इथे तो दर्जा महिन्यागणिक बदलतो.

"पण गाडी फोर बाय फोर आहे ना?" आधी तेच तपासा, कारण 2023 पासून थारसुद्धा फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या प्रकारात मिळते. आणि फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना ताकद, पकड नव्हे. साध्या डिफरन्शियलमध्ये जे चाक घसरतंय तेच गरगर फिरत राहतं आणि पकड असलेल्या चाकाला पुरेसा जोर मिळत नाही. त्यासाठी डिफरन्शियल लॉक हवा. तोही नसेल तर अॅक्सिलरेटर दाबून गाडी फक्त आणखी खोल जाते.

यावर शेतकऱ्यांकडे जुना उपाय आहे, वाफसा बघणं. मूठभर माती घ्या, दाबून गोळा करा आणि खाली टाका. फुटला तर वाफसा, नाही फुटला तर ओल जास्त. जिथे शेतकरी अजून बैल घालत नाही, तिथे दोन टनांच्या आसपासची गाडी घालण्यात अर्थ नाही. तरीही फसलातच, तर दोर चेसिसच्या हुकला बांधा, बंपरला नाही. ताणलेल्या दोराजवळ कुणी उभं राहू नये, तो तुटला तर जिवावर बेततं.

खुर्सापारकडच्या जंगलात मात्र हे प्रयोग नकोच. तिथे वाघांचा वावर आहे आणि राखीव वनात परवानगीशिवाय शिरणं 1927 च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे.

आता पांदण कुणाची, तेही बघा. ओल्या मातीत गाडीने पाडलेली खोल चाकोरी ऊन लागलं की विटेसारखी टणक होते. कापूस आणि सोयाबीन घेऊन येणाऱ्या बंडीला मग त्याच चाकोरीतून हेलकावे खात यावं लागतं. अशा वाटा बारमाही व्हाव्यात म्हणून राज्य सरकारने 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली, पण अनेक पांदणी अजून कच्च्याच आहेत. गाडी घालण्याआधी तिथल्या शेतकऱ्याला विचारलेलं बरं. पुढे पाणी कुठे साचतं, हे मॅपपेक्षा त्यालाच जास्त माहीत असतं.