भूमीचा केसपेपर

चरकाचार्यांनी जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात वायू, उदक, देश व काल या चार भावांच्या विकृतीचा विचार केला आहे. यांपैकी देशाची, म्हणजे भूमीची, विकृती बहुधा इतकी सावकाश होते की तेथे राहणाऱ्यालाही ती उमगत नाही. जुन्या रुग्णाचा वीस वर्षांचा केसपेपर समोर असला म्हणजे निदान किती सुकर होते, हे वैद्यबंधूंना सांगणे नको. भूमीचा असा केसपेपर अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांनी २३ जुलै १९७२ पासून ठेवला आहे.

निरोगी हिरवे पान डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. पान सुकू लागले की हे प्रमाण घटते. उपग्रह नेमके हेच मोजतो. एक उपग्रह दर १६ दिवसांनी त्याच भूभागावर परत येतो.

ही नोंद अखंड राहिली, यात योजनेपेक्षा दैवाचा भाग अधिक, असे मला वाटते. १९८९ मध्ये निधीअभावी उपग्रह बंद करण्याची वेळ आली होती. १९९३ मध्ये लँडसॅट ६ कक्षेत पोहोचलाच नाही. अवघ्या तीन वर्षांसाठी बांधलेल्या लँडसॅट ५ ने १९८४ पासून २०१३ पर्यंत सेवा दिली, म्हणून खंड पडला नाही. लँडसॅट ७ चे एक यंत्र ३१ मे २००३ रोजी निकामी झाले आणि प्रत्येक चित्राचा सुमारे २२ टक्के भाग कोरा येऊ लागला.

नवा उपग्रह सोडला की काम झाले, असेही नाही. नाडी पाहणारा हात बदलला तर आधीच्या हाताशी मेळ घालावा लागतो. २०२१ च्या नोव्हेंबरात लँडसॅट ९ ला काही दिवस लँडसॅट ८ च्या खालून नेऊन दोघांची मोजमापे ताडून पाहिली, ती यासाठीच.

औषधी निर्मात्यांनी मात्र भलती अपेक्षा ठेवू नये. चित्रातील एक ठिपका ३० मीटर लांब-रुंद भूमीचा असतो. त्यात गुग्गुळाचे झुडूप ओळखू येणार नाही, की अशोकाच्या सालीतली भेसळ. ज्या डोंगरावरून आपला माल येतो तेथील रान विरळ होत आहे का, एवढे कळेल. २००८ पासून हा संग्रह विनामूल्य खुला आहे. आपल्याकडे पावसाळ्यात ढगांमुळे काही दिसत नाही. म्हणून प्रत्येक वर्षाचे डिसेंबरातील चित्र निवडावे.