घाटावरचा ठेकेदार

जिम कॉर्बेटचं नाव घेतलं की मचाण, चांदणं आणि रुद्रप्रयागचा बिबट्या डोळ्यांपुढे येतो. मला तो दिसतो बिहारमधल्या मोकामा घाटाच्या मालधक्क्यावर, कोळसा वाहणाऱ्या हमालांच्या मधोमध. तिथे त्यानं २१ वर्षं काढली. इतकी वर्षं तो सलग कुठल्या जंगलातही राहिला नव्हता.

नैनीतालच्या पोस्टमास्तरांचा हा मुलगा. जन्म २५ जुलै १८७५ चा. तो सहा वर्षांचाही नव्हता तेव्हा वडील गेले. नैनीतालला येणाऱ्या साहेबांना घरं भाड्यानं मिळवून देण्याच्या दलालीवर आईनं संसार ओढला. मोठेपणी जिमनंही त्याच गावात घरांच्या दलालीची पेढी चालवली, सोबत लोखंडी सामानाचं दुकान. धंदा त्यानं घरातच पाहिला होता.

त्याची पहिली नोकरी रेल्वेची. इंजिनांच्या जळणासाठी झाडं तोडून घ्यायची. त्यानंतर बंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेनं त्याला मोकामा घाटावरच्या मालाच्या चढ-उताराचा ठेका दिला. ब्रॉड गेजच्या डब्यातला माल उतरवायचा आणि मीटर गेजच्या डब्यात भरायचा. हे सगळं माणसांच्या पाठीवर. वर्षाकाठी सुमारे पाच लाख टन.

सुरुवातीलाच रेल्वेकडून पैसे येईनात. जवळची शिल्लक संपली, मजूर एका जेवणावर आले. कॉर्बेटही एकदाच जेवू लागला. अखेर त्यानं वरिष्ठांना तार केली: बारा हजार रुपये गाडीनं निघाल्याची खात्री मिळाली नाही, तर दुपारी बारापासून काम बंद. पैसे आले. ही हकीकत त्यानंच ‘माय इंडिया’मध्ये लिहिली आहे. १९५२ च्या या पुस्तकात वाघ जवळपास नाहीत. आहेत ते मजूर, मुकादम, सावकार. नरभक्षकांच्या कथा वाचून थांबणाऱ्यांनी ते जरूर वाचावं. गोऱ्या ठेकेदाराच्या बाजूनं सांगितलेली ही गोष्ट आहे, हजेरीपटावरच्या माणसांनी ती कशी सांगितली असती हा प्रश्न उरतोच. तरीही कोळशाच्या टोळ्यांचा प्रमुख म्हणून त्यानं अस्पृश्य मानल्या गेलेल्या चमारी नावाच्या मजुराला नेमलं. कॉलऱ्यानं तो गेला, तेव्हाचं वर्णन वाचताना माझा आवंढा आजही अडतो.

स्टेशनमास्तर रामसरन यांच्यासोबत त्यानं कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढली. पहिल्या वर्गात वीस मुलं. खालच्या जातीच्या मुलांसोबत एका झोपडीत बसायला बाकीच्यांची हरकत निघाली. रामसरन यांनी तोड काढली: झोपडीच्या भिंतीच काढून टाकायच्या. नुसत्या छपराखाली सगळे बसू शकत होते.

शिकारीच्या बाबतीत त्याचा हिशेब वेगळा. १९०७ मध्ये चंपावतच्या नरभक्षक वाघिणीमागे जाण्याआधी त्यानं अट घातली, की बक्षिसं रद्द करा. तिच्या नावावर ४३६ बळी लावले जात होते. रुद्रप्रयागच्या बिबट्याचे नोंदलेले बळी १२५. तो पडला १९२६ मध्ये. बक्षिसाच्या आशेनं आलेल्यांच्या रांगेत आपण उभं राहायचं नाही, हे त्यानं ठरवलेलं होतं. पोटाची सोय घाटावर आणि दुकानात झालेली होती, म्हणून ते त्याला ठरवता आलं, असं माझं मत आहे. जंगल त्यानं कधी विकायला काढलं नाही.

१९४४ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई कचेरीतून ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ निघालं. जगभर गाजलेलं हे पुस्तक मुंबईतून बाहेर पडलं, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. पहिल्या आवृत्तीचं मानधन युद्धात अंध झालेल्या सैनिकांच्या संस्थेला गेलं.

कालाढुंगीजवळचं छोटी हल्द्वानी हे गाव त्यानं विकत घेऊन वसवलं. रानडुकरं पिकांत शिरू नयेत म्हणून सभोवती दगडी भिंत बांधली. १९४७ च्या नोव्हेंबरात बहीण मॅगीसह तो केनियाला गेला आणि १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरीत वारला. पण कुळांच्या जमिनींचा शेतसारा तो तिकडूनही भरत राहिला.