ठिबक तुंबले? आधी गाळणी पहा



नीरा डाव्या कालव्याचे पाणी गाळ आणते, उजनीचे शेवाळ आणि विहिरीचे क्षार. म्हणून शेवटच्या सऱ्यांतला ऊस पिवळा दिसला की लगेच युरिया टाकू नका. आम्ही फडात आलो की आधी फिल्टरच्या दोन्ही बाजूंचा दाब पाहतो. फरक अर्ध्या किलोहून जास्त असेल तर फिल्टर धुवा. मग नळ्यांची टोके सोडून नितळ पाणी येईतो वाहू द्या.

तरी ठिबकत नसेल तर नळीचा तुकडा कापून पहा. आत पांढरा थर म्हणजे क्षार, त्याला आम्लप्रक्रिया. हिरवा बुळबुळीत थर म्हणजे शेवाळ, त्याला क्लोरीन. दोन्ही एकत्र कधीच नको, विषारी वायू होतो. आम्ल पाण्यात ओता, आम्लात पाणी नव्हे.

गाळणी धुवायचा कंटाळा केला, तर वजनकाट्यावर कळतेच!