शहरात खोली भाड्याने घेताय? डिपॉझिट देण्याआधी एवढं वाचा

पोराला जळगावला अ‍ॅडमिशन मिळालं, पोरीचं धुळ्याला पक्कं झालं, की घरात पुढचा प्रश्न एकच: राहायचं कुठे? मग वडील सकाळच्या एसटीने शहरात जातात. संध्याकाळच्या गाडीने परतायचं असतं. घाईत दोन-तीन खोल्या पाहिल्या, एक बरी वाटली, की डिपॉझिट देऊन मोकळे. पावती नाही, कागद नाही. वर्षाने खोली सोडताना कळतं, 'रंगाचे कापले, नळाचे कापले.' कापूस विकून दिलेले दहा हजार असेच जातात.

आधी एरिया ठरवा

जळगावात विद्यापीठ किंवा बांभोरीकडचं कॉलेज असेल तर हायवेलगत खोटेनगर, पिंप्राळा भागात खोली पाहा. शहरातल्या कॉलेजसाठी रामानंदनगर, महाबळ, गणेश कॉलनीकडे चौकशी करा. धुळ्यात बरीच कॉलेजं पांझरेपलीकडे देवपूरला आहेत. खोली लांब घेऊन भाड्यात 500 रुपये वाचले, पण रोज रिक्षाला 40 रुपये लागले, तर 25 दिवसांचे 1000 होतात. म्हणजे स्वस्त खोली महाग पडली.

खोली पाहताना काय विचाराल?

- नळाला पाणी किती दिवसांनी येतं? टाकी किती मोठी? मे महिन्यात बोअर चालतं का?
- लाईटचं मीटर स्वतंत्र आहे का? महावितरणचा दर युनिट वाढतील तसा चढत जातो. सगळ्या घराला एकच मीटर असेल तर सर्वांचे युनिट एकत्र होऊन बिल चढतं. सब-मीटर असेल तर युनिटचा दर आधीच ठरवा.
- स्वयंपाक चालेल का? गावाहून आई-वडील आले तर मुक्कामाला हरकत नाही ना?
- शेजारच्या भाडेकरूला मालकाबद्दल जरूर विचारा. खरी माहिती तिथेच मिळते.

नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे

सगळ्यात मोठी चूक इथे होते. स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरीचा शिक्का मारला की झालं, असं आपल्याला वाटतं. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. त्याने ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. ते खोटं ठरवणं मालकाच्या अंगावर येतं.

नोंदणीला खर्च किती? 5000 रुपये भाडं, 10 हजार डिपॉझिट आणि 11 महिन्यांचा करार धरला, तर पाव टक्क्याने मुद्रांक शुल्क दीडशे-दोनशेच्या आसपास येतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1000 रुपये. करून देणाऱ्याची मजुरी वेगळी. आधार आणि अंगठा लावून हे ऑनलाईन होतं, ऑफिसात जायची गरज नाही. खर्च निम्मा-निम्मा करू म्हटलं तर बरेच मालक तयार होतात.

करारात तीन गोष्टी लिहून घ्या: डिपॉझिट किती, खोली सोडल्यावर किती दिवसांत परत, आणि कशापोटी कापणार.

पैसे देताना

डिपॉझिट आणि भाडं फोन पे किंवा बँकेतून द्या, म्हणजे पुरावा राहतो. रोख दिलं तर पावती मागा. कायद्याने ती द्यावीच लागते. राहायला जाण्याआधी भिंती, नळ, दारं, पंखे यांचा मोबाईलवर व्हिडिओ काढून मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. खोली न पाहता, फक्त फोटोवर कुणालाही आगाऊ पैसे पाठवू नका.

वाद झाला म्हणून मालकाने पाणी किंवा लाईट तोडली, तर तेही कायद्यात बसत नाही. कलम 29 प्रमाणे त्याविरुद्ध कोर्टात दाद मागता येते.

खोलीआधी हेही पाहा

सरकारी वसतिगृहाचा अर्ज आधी भरा. तिथे नंबर लागला नाही तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना 'स्वाधार', आदिवासी विद्यार्थ्यांना 'स्वयंम', तर ओबीसी-भटक्या विमुक्तांना 'आधार' योजनेतून राहण्या-जेवणासाठी रक्कम मिळू शकते. समाजकल्याण, आदिवासी विकास प्रकल्प किंवा इतर मागास बहुजन कल्याण कार्यालयात चौकशी करा. बाहेर राहत असल्याचा पुरावा लागतो, तेव्हा हाच भाडेकरार कामी येतो.

खोली पाहायला एकाऐवजी दोन दिवस द्या. एसटीचं एक भाडं जास्त जाईल, पण दहा हजारांचं डिपॉझिट वाचेल.